क्रमांक वेगळे असले, तरी गाडी मूळची असू शकते

एका जुन्या ऑफ-रोड (कच्च्या रस्त्यांवर चालवायच्या) मोटारसायकलच्या फ्रेमचा, म्हणजे सांगाड्याचा, आणि इंजिनाचा क्रमांक जुळत नाही, म्हणून ती दोन गाड्या जोडून तयार केलेली असावी, असा निष्कर्ष कोणी काढला, तर तो मला घाईचा वाटतो. १९७०च्या दशकातील यामाहाच्या गाड्यांवर हे दोन्ही क्रमांक सहसा एकच असत. होंडाच्या एक्सएल २५०च्या फ्रेमवर मात्र ‘एक्सएल२५०’ आणि इंजिनावर ‘एक्सएल२५०ई’ अशी सुरुवात असून पुढचे अंक कारखान्यातूनच वेगळे येत. त्यामुळे आधी सुरुवातीची अक्षरे नीट वाचावीत. अमेरिकी बाजारासाठी बनलेल्या, १९८१पासूनच्या गाड्यांच्या फ्रेमवरील 17 अंकाक्षरांच्या क्रमांकात दहावे अक्षर किंवा अंक मॉडेल-वर्ष सांगतो. फ्रेमचा क्रमांक ठोकलेला असतो, त्या हँडलखालच्या मानेवरील रंग मात्र कृपया खरवडू नका, कारण त्याने ठसा पुसट होऊ शकतो.