सांगलीत फिजिओ ओपीडी पोस्टिंग: नेमकं काय बघायचं?

मिरजेची_बीपीटी: बीपीटीचं (फिजिओथेरपीच्या पदवीचं) दुसरं वर्ष, ओपीडीत पोस्टिंग आहे. नुसतं उभं राहून काय शिकायचं?

गोनिओ: गुडघ्याचं माप बघ. गोनिओमीटरचा (सांध्याचा कोन मोजायचं दोन दांड्यांचं साधन) मध्य मांडीच्या हाडाच्या गुडघ्याजवळच्या बाहेरच्या उंचवट्यावर, स्थिर दांडा ग्रेटर ट्रोकँटरकडे (त्याच हाडाचा खुब्याजवळचा उंचवटा), फिरता बाहेरच्या घोट्याकडे. गुडघा पूर्ण वाकला तर साधारण १३५ अंश. साडीवरून मोजलं की खुणा चुकतात, आकडा खोटा.

कृष्णाकाठ: हॉट पॅकवर (शेकायची पिशवी, गरम पाण्याच्या टाकीत तापवतात) लक्ष ठेव. टाकीतलं पाणी ७०-७५ अंश सेल्सिअस असतं, म्हणून टॉवेलचे ६ ते ८ थर. पेशंटला पॅकवर झोपवलं तर वजनाने थर दबतात आणि भाजतं. शुगरवाल्यांना गरम-गार कळतं का, हे आधी तपासायचं. गर्दीत नेमकं तेच राहतं.

गोनिओ: +१. उपचाराच्या अल्ट्रासाउंड मशीनचं हेडही (अंगावर फिरवायचा भाग) एका जागी थांबवायचं नसतं.

जुनी_फिजिओ: मशीनं कॉलेजातही दिसतील गं. ऊसतोड मजुराला घरचा व्यायाम सांगून सोडतात, की समोर करून घेतात, ते बघ.