मदत हवी आहे: साखर, गूळ, मध न घालता कुरकुरीत ग्रॅनोला घरी कसा करावा?

नमस्कार.

आम्ही यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात राहतो. माझ्या सासऱ्यांना मधुमेह असून सकाळच्या चहासोबतचे टोस्ट आणि बिस्किटे बंद करण्यास डॉक्टरांनी सांगितले आहे. त्यांना कुरकुरीत खाण्याची आवड असल्याने, दह्यात घालून खाता येईल असा ग्रॅनोला (ओट्स, दाणे वगैरे एकत्र भाजून केलेला कुरकुरीत खाऊ) घरीच करावा, असे मनात आहे. तालुक्याच्या दुकानात मिळणाऱ्या पाकिटांवरील घटक वाचले, तर ओट्सच्या पाठोपाठ साखर किंवा मध असतोच.

इंटरनेटवरील बहुतेक 'बिनसाखरेच्या' कृतींत पांढरी साखर वगळून तिच्या जागी मध, गूळ किंवा वाटीभर खजुराचा गर सुचविलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मधातील साखरही वरून घातलेल्या साखरेच्याच गटात मोजली जाते आणि खजुराच्या वजनात निम्म्याहून अधिक साखर असते, त्यामुळे या कृतींचा आम्हाला उपयोग नाही. (गोंदिया-गडचिरोलीकडील मंडळी मोहफुले सुचवतील, याची कल्पना आहे; परंतु त्यांचा गोडवाही साखरेचाच.)

गोडी कमी असल्याची आमची तक्रार नाही. वेलची, दालचिनी आणि भाजलेल्या तिळाचा खमंगपणा पुरेसा आहे. खरी अडचण अशी आहे की, पाक किंवा मध ओट्सना एकमेकांशी धरून ठेवतो आणि थंड झाल्यावर कडक होतो, म्हणूनच ग्रॅनोलाचे खडे पडतात व तो कुरकुरीत लागतो. तो काढून टाकला की हाती उरतात ते नुसते भाजलेले, सुटे ओट्स. केळे कुस्करून घातल्यास गोळे होतात, पण ते आतून ओलसर राहतात. घरात अंडे चालत नाही, त्यामुळे अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा पर्यायही नाही.

विजेचा दाब इतका कमी असतो की ओव्हन घेण्यात अर्थ नाही. गॅस, जाड बुडाची लोखंडी कढई, तवा आणि कुकर एवढीच साधने आहेत. जवस, तीळ, शेंगदाणे आणि ज्वारी घरचीच आहे. पाकाचे काम करील असा दुसरा पदार्थ कोणता, आणि पावसाळ्याच्या दमट हवेत हा ग्रॅनोला सादळू नये म्हणून काय करावे, हे कृपया अनुभवी मंडळींनी सांगावे.

प्रतिसाद १

ताई, तुम्हाला हवा तो पदार्थ तुमच्याच यादीत आहे. जवसाची ताजी पूड पाण्यात भिजवली की दहा-पंधरा मिनिटांत तिला बुळबुळीत चिकटपणा येतो. दोन वाट्या ओट्सना दोन मोठे चमचे पूड आणि सहा चमचे पाणी घ्यावे. ओट्स जाड पाकळ्यांचे घ्यावेत, कारण झटपट शिजणाऱ्या बारीक ओट्सचा लगदा होतो. आधी ते कोरडेच मंद आचेवर खमंग वास सुटेपर्यंत भाजावेत, मग तीळ, शेंगदाण्यांचे तुकडे, दालचिनी, चिमूटभर मीठ, दोन चमचे शेंगदाण्याचे तेल आणि भिजवलेले जवस घालून सर्व नीट कालवावे.

हे मिश्रण तव्यावर पातळ थापून अगदी मंद आचेवर ठेवावे आणि खालची बाजू तांबूस झाल्यावर मोठे तुकडे करून उलटावे. झाकण ठेवू नये. कुकरही मी टाळीन, कारण शिट्टी काढली तरी वाफ लवकर बाहेर पडत नाही आणि आपल्याला तर ओलावाच घालवायचा आहे. पूर्ण थंड होईपर्यंत तुकडे हलवू नयेत. पाकातल्या खड्यांइतके हे कडक होणार नाहीत, ही अपेक्षा आधीच ठेवावी. पाऊस लागण्यापूर्वी केल्यास पातळ कापडाखाली दुपारभर उन्हात ठेवावे. आपल्याकडील उन्हाचा असा उपयोग तरी करून घ्यावा.

कोमट असताना डबा बंद केला तर आतल्या वाफेनेच ग्रॅनोला सादळतो. शिवाय जवसाच्या पुडीतील तेल लवकर खवट होते, म्हणून आठवड्यापुरताच करावा. प्रमाणाचेही भान असू द्यावे: ओट्सच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग कर्बोदकांचा असतो, तेव्हा सासऱ्यांना वाटीभर नव्हे, मूठभर द्यावा आणि दह्याचे प्रमाण जास्त ठेवावे.

धागाकर्तीचा प्रतिसाद

मनःपूर्वक आभार. ज्वारीच्या लाह्या आणि सुक्या खोबऱ्याचे काप यांतच मिसळावेत की नंतर?

प्रतिसाद २

लाह्या ओल्या मिश्रणात घातल्यास मऊ पडतात, म्हणून त्या तुकडे थंड झाल्यावरच मिसळाव्यात. खोबरे लवकर करपते. ते वेगळे, हलके गुलाबी भाजून लाह्यांबरोबरच घालावे.