मदत हवी आहे : बक ओनील यांच्या आठवणी

अमेरिकेतील कृष्णवर्णीय खेळाडूंच्या कॅन्सस सिटी मोनार्क्स या बेसबॉल संघाचे माजी खेळाडू बक ओनील यांनी सांगितलेल्या, १९३० च्या दशकातील आर्थिक महामंदीच्या काळातील बेसबॉलच्या आठवणींवर मी लेख लिहीत आहे. मेजर लीगमधील (अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉल, जिथे तेव्हा कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता) विख्यात फलंदाज बेब रूथच्या बॅटचा जो आवाज त्यांनी पोरवयात ऐकला होता, तोच पुढे कृष्णवर्णीय फलंदाज जॉश गिब्सनच्या बॅटमधून त्यांच्या कानी आला, ही आठवण मला फार मोलाची वाटते. ओनील १९३८ मध्ये ज्या संघात आले, त्याच संघाने १९३० मध्ये, म्हणजे मेजर लीगच्या ५ वर्षे आधी, ट्रकवरच्या खांबांना दिवे लावून रात्रीचे सामने खेळवले होते. कॅन्सस सिटीतील निग्रो लीग्ज (वर्णभेदाच्या काळातील कृष्णवर्णीयांच्या बेसबॉल स्पर्धा) बेसबॉल संग्रहालय पाहिलेल्या मंडळींनी कृपया सांगावे : तेथे जुन्या खेळाडूंच्या ध्वनिमुद्रित मुलाखती अभ्यासकांना ऐकता येतात का, आणि त्यासाठी आधी परवानगी घ्यावी लागते का?