मदत हवी आहे: घाटातल्या गॅसवाहिनीवरचा ताण चुंबकीय पद्धतीने मोजायचाय

नमस्कार मंडळी. घाटउतारावर पुरलेली एक्स ६५ या जास्त ताकदीच्या पोलादाची गॅसवाहिनी आहे. पावसाळ्यात माती सरकली, पाइप वाकल्याची शंका आहे. एमएफएल पिगने (पाइपाच्या आतून जाणारं, भिंत चुंबकित करून बाहेर गळणारं चुंबकीय क्षेत्र मोजणारं यंत्र) गंज, झीज सापडते. ताण थेट कळत नाही. शिवाय पिग गेल्यावर पाइपात चुंबकत्व उरतं, म्हणून आयएसओ २४४९७ या मानकातल्या मेटल मॅग्नेटिक मेमरीच्या (बाहेरून चुंबकत्व न देता, ताणामुळे पोलादात आपसूक उमटलेलं चुंबकीय क्षेत्र मोजायची पद्धत) रीडिंगवर कितपत विसंबावं?

मला बार्कहाउझेन नॉइज (पोलाद चुंबकित करताना उठणारे बारीक विद्युत संकेत, जे ताणानुसार बदलतात) जास्त भरवशाचा वाटतो. पण तो मिलिमीटरच्या अंशाइतक्याच खोलीचं सांगतो, आणि कोटिंग काढताना ग्राइंडर लागला तर त्याचाही ताण रीडिंगमध्ये मिसळतो. त्याच हीटच्या (पोलादाच्या एकाच ओतणीच्या) पाइपाचा तुकडा वाकवून कॅलिब्रेशन कुणी केलंय का? वेल्डजवळ वेगळं करावं लागतं का? खोदल्यावर मातीचा दाब सुटून ताण बदलतो, तेव्हा कृपया खोदाईआधीच कळवा.