घराजवळची छोटी स्की टेकडी मुलांना शिकायला पुरेशी आहे का? (बॉस्टन परिसर)

ॲक्टनकर
मुलं 6 आणि 9 वर्षांची, दोघंही स्कीवर पहिल्यांदाच उभी राहणार. नशोबा व्हॅलीची छोटी स्की टेकडी घरापासून पंधरा-वीस मिनिटांवर, वाचुसेटचा डोंगर पाऊण तासावर. ओळखीतले म्हणतात, शिकायचंच तर व्हर्मॉन्टमधल्या किलिंग्टनला सलग तीन दिवस जा, 240 फुटांच्या टेकडीवर काय शिकणार? सामान भाड्याने घेताना काय बघायचं? आणि आभाळातून बर्फ पडलाच नाही तर या टेकड्या चालतात का?

उतारप्रेमी
किलिंग्टनचा उतार माथ्यापासून पायथ्यापर्यंत सुमारे 3,000 फुटांचा, पण पहिल्या मोसमात तुमची मुलं त्यातले तळाचे शंभर-दीडशे फूटच वापरणार. तेवढा उतार नशोबात आहे.

नवशिक्याला उंची नको, फेऱ्या हव्यात. वळण पायात बसतं ते शेकडो वेळा घेतल्यावर, आणि मध्ये महिना गेला की सुटतं. म्हणून सलग तीन दिवसांपेक्षा दर आठवड्याला दोन तास, असे सहा आठवडे कितीतरी चांगले. सहा वर्षांचं मूल दोन तासांत दमतं. मग ते मागे रेलतं, आणि मागे रेललं की स्कीचं पुढचं टोक हलकं होऊन वळेनासं होतं. जवळच्या टेकडीवरून अशा वेळी सरळ घरी येता येतं. तीन तास गाडी चालवून महागडं तिकीट काढलं असेल तर आपणच ‘अजून एक फेरी’ म्हणत राहतो, आणि पडझड नेमकी त्याच फेरीत होते.

पहिले दोन दिवस मॅजिक कार्पेट (उभ्याउभ्या वर नेणारा सरकता पट्टा) सोडू नका. आधी एकाच पायात स्की घालून सपाटीवर घसरणं, मग दोन्ही पायांत, मग पिझ्झा: पुढची टोकं जवळ, मागची लांब. थांबणं आधी, वळणं नंतर. सांगितलेल्या जागी सलग तीनदा थांबता आलं की चेअरलिफ्ट. नशोबात हात बसला की पुढची पायरी वाचुसेट, तिथे उतार 1,000 फुटांचा आहे. त्यानंतर वेगवेगळे डोंगर बघावेसे वाटले तर 2019 मध्ये सुरू झालेला इंडी पास आहे, अनेक छोट्या-मध्यम डोंगरांसाठी मिळून काढलेला.

आणि ‘हे काही खरं स्कीइंग नव्हे’ म्हणणाऱ्यांना एक सांगा. अमेरिकेत वर ओढून नेणारा पहिला दोर 1934 साली व्हर्मॉन्टच्या वुडस्टॉकला एका शेताच्या उतारावर बसवला, फोर्ड मॉडेल टीच्या इंजिनावर. हा खेळ इथे रुजला तो अशाच टेकड्यांवर.

आधी_बूट_बघा
सामान विकत घेऊ नका, पूर्ण मोसमाच्या भाड्याने घ्या. स्कीपेक्षा बुटांवर जास्त वेळ घालवा. ‘पुढच्या वर्षीही होतील’ म्हणून मोठे बूट घेणं ही आपल्याकडची हमखास चूक. टाच आत उचलली गेली की पाय वळतो, स्की तिथेच राहते, आणि मुलाला वाटतं आपल्यालाच जमत नाही.

मापायची रीत: आतलं मऊ अस्तर काढा, बोटं पुढे टेकवून रिकाम्या कवचात मुलाला उभं करा, टाचेमागे तुमची दीड ते दोन बोटं मावली पाहिजेत. पायमोजा एकच, पातळ, लोकरीचा. दोन घातले तर रक्त अडून पाय उलट गार पडतात, आणि सुती मोजा घामाने ओला होऊन बसतो. थर्मलची पँट बुटात खोचू नका, तिची घडी नडगीवर रुतते.

दुकानातल्या फॉर्मवर वजन, उंची, वय खरं लिहा आणि ‘नवशिका’वरच खूण करा. त्यावरूनच बाइंडिंग (बूट स्कीला धरून ठेवणारी पकड) किती जोर लागल्यावर सुटायचं ते ठरतं. फुशारकीने वरचा प्रकार लिहिला तर पडताना स्की सुटत नाही आणि गुडघा पिळवटतो. वजन कमी लिहिलं तर चालता चालता सुटते.

‘बाइंडिंग बिघडलंय’ अशी तक्रार आली तर आधी बूट उलटा करून बघा. तळव्याला बर्फाचा गोळा चिकटलेला असतो. तो खरवडला की टाच खट्कन बसते.

ॲक्टनकर
मोजे आजच बदलतो. बर्फाचं कुणी सांगेल का?

थंड_रात्र
चालतात, तोफांच्या बर्फावर, म्हणजे पाणी फवारून बर्फ करणाऱ्या यंत्रांच्या. पण नुसता पारा बघू नका, वेट बल्ब तापमान (हवेतली आर्द्रता धरून येणारं तापमान) बघा. ते 28 फॅरनहाइट किंवा त्याखाली लागतं. हवा 30 अंश आणि आर्द्रता 50 टक्के असेल तर वेट बल्ब 25च्या आसपास येतं, तोफा सुरू. तेच 30 अंश आणि आर्द्रता 90 टक्के असली की 29, तोफा बंद. एका एकरावर फूटभर बर्फ करायला साधारण दीड ते दोन लाख गॅलन पाणी जातं, म्हणून एकर कमी असणं इथे फायद्याचं. सलग काही थंड रात्री मिळाल्या की छोटी टेकडी उघडते.

दिवसा 40, रात्री 20 असं झालं की सकाळी उतार काचेसारखा होतो. अशा दिवशी मुलांना नऊऐवजी अकराला न्या, तोवर ऊन लागून वरचा थर सैल होतो. फेब्रुवारीतला शाळेच्या सुट्टीचा आठवडा मात्र टाळा, शिकायच्या उतारावर पाय ठेवायला जागा नसते.

कडक बर्फावर भाड्याच्या स्कीची धार तपासूनच निघा. अंगठ्याच्या नखाची पाठ एजवर (स्कीच्या धातूच्या कडेवर) आडवी ओढा. नखाचा पांढरा कीस निघाला तर धार आहे. नख नुसतंच घसरलं तर ती जोडी परत करून दुसरी मागा.