व्हाँतूच्या शेजारची नेस्क दरी

दक्षिण फ्रान्समध्ये सायकलसाठी शांत रस्ते कोणते, या प्रश्नावर बेदुआँ गावाहून माँ व्हाँतू हा डोंगर चढायचा सल्ला कुणीतरी दिला आहे. घाट जबरदस्तच, पण मूळ प्रश्न शांत रस्त्यांचा होता आणि उन्हाळ्यात तिथे सायकली, मोटारसायकली, गाड्या सगळ्यांचीच रीघ असते. त्याच परिसरातली नेस्क नदीची दरी जरूर करा. व्हील-स्युर-ओझाँ गावाहून डी ९४२ रस्ता कड्याच्या पोटातून, छोट्या बोगद्यांतून वळत मोनियू आणि पुढे सो या गावांपर्यंत जातो. चढ सौम्य आहे, दम न लागता दरी बघत जाता येतं. घाईची वाहतूक दुसऱ्या रस्त्याने जाते, म्हणून सकाळी लवकर निघालात तर पाखरांचेच आवाज! जुलैत सो गावाभोवती लॅव्हेंडर फुललेलं असतं. व्हाँतू करायचाच असेल तर सोहून चढा. सुमारे २६ किलोमीटर, पण बेदुआँपेक्षा खूपच सुसह्य.

पाणी मात्र भरून घ्या, दरीत गाव नाही. खेड्यांतली दुकानं दुपारी बंद असतात. अशा वेळी दफनभूमीतला नळ बहुधा उपयोगी पडतो. नवे रस्ते शोधायला मिशलँ कंपनीचा कागदी नकाशा घ्या: पांढरे रस्ते कमी रहदारीचे, हिरवी कड असलेले निसर्गरम्य.