मदत हवी आहे : भरल्या खाचरात युरिया टिकत नाही
पाटण भाग, २० गुंठे इंद्रायणी भात, लागण होऊन १८ दिवस. दहाव्या दिवशी १० किलो युरिया फोकला, दुसऱ्याच दिवशी पाऊस कोसळला आणि बांधावरून पाणी वाहून गेलं. आता खालची जुनी पानं पिवळी, शेंड्याची हिरवी. मुळं पांढरी, किडीचा मागमूस नाही, म्हणून नत्रच कमी वाटतं. वरच्या खाचराचं पाणी आमच्यातूनच खाली जातं, त्यामुळे पूर्ण निचरा शक्य नाही. फार तर दोन बोटं पाणी राखता येतं. पुन्हा वरून फोकायला जीव धजत नाही. युरिया-डीएपी खताच्या गोळ्या मिळतायत, पण लागण चारसूत्री (ठरावीक अंतरावर, सरळ जोडओळीत) नाही, ओळी वेड्यावाकड्या आहेत. अशा भातात चार चुडांमध्ये (रोपांच्या झुबक्यांमध्ये) गोळी आत्ता खोचली तर लागू पडेल का, आणि किती खोल खोचायची?